गोळी खोलीतून घशापर्यंत: सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या प्रकल्प नोंदी

हद्द: नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखालची उपकेंद्रं आणि पाड्यांवरच्या अंगणवाड्या. विषय: गर्भवती, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांना लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, जीवनसत्त्व अ, झिंक आणि आयोडीन मिळतं का. नवं औषध काहीही आणायचं नाही. सरकारी साठ्यात आहे तेच द्यायचं आणि औषधाच्या खोलीतून निघालेली गोळी घशाखाली उतरते का, एवढंच बघायचं.

२४ जून २०२४. साठा

लोहगोळ्या आधी रंगावरून वेगळ्या केल्या. गुलाबी गोळी ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी, ४५ मिलिग्रॅम लोह, आठवड्याला एक. निळी १० ते १९ वयासाठी, ६० मिलिग्रॅम, तीही आठवड्यालाच. लाल गोळीतही ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, पण गर्भवतीला ती रोज: चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. लाल संपल्यावर निळी दिली तर लोहाची मात्रा तीच राहते, घोटाळा होतो तो नोंदीत. बाईला मात्र वाटतं की औषध बदललं, आणि ती थांबते.

मागणीपत्रातली चूक जुनीच आहे. १०० गर्भवती गुणिले १८०, म्हणजे १८,००० गोळ्या, असा हिशेब करून कागद वर जातो. पण रक्तक्षय असलेल्या बाईला रोज दोन गोळ्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. तोच आकडा धरला तर १०० पैकी ४६ जणींना किमान दोन महिने जादा ६० गोळ्या लागतील, म्हणजे २,७६० गोळ्या. त्यावर दहा टक्के राखीव धरली की मागणी २२,८०० च्या घरात जाते. तुटवडा 'वरून आला नाही' म्हणून असतोच, पण बऱ्याचदा तो खालून कमी मागितल्यामुळेही असतो.

मांडणी बदलली. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. आजवर जे नंतर आलं ते वर रचलं जायचं आणि खालची खोकी तिथेच मुदतबाह्य व्हायची.

३ जुलै. हिमोग्लोबिन

एकाच बाईच्या एकाच बोटाचे दोन थेंब मशिनवर घेतले. पहिलं वाचन ९.१ ग्रॅम, दुसरं १०.४. मशीन नीट होतं, हात चुकत होता.

पावसात चालत आलेल्या बाईची बोटं गार असतात. टोचल्यावर रक्त येत नाही, मग बोट पिळलं जातं. पिळलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. हात आधी कोमट पाण्यात धरायला लावायचे किंवा चोळून गरम करायचे. मधलं किंवा अनामिका बोट, टोकाला नाही तर जरा कडेला. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर तेही थेंबात उतरतं. पहिला थेंब कापसाने पुसायचा, नंतरचा मोठा थेंब एका दमात घ्यायचा. अर्धा भरून पुन्हा भरायला गेलं की हवेचा बुडबुडा बसतो, आणि तो क्युवेट (थेंब घेण्याची छोटी पारदर्शक पट्टी) फेकायचाच.

रक्त तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर जुलैच्या हवेत पट्ट्या ओल धरतात. पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं. डबीवरचा कोड आणि मशिनमधली चिप जुळते का, हे प्रत्येक नव्या डबीला बघायचं. एका ठिकाणी साहलीची नळी, म्हणजे रक्तात आम्ल घालून रंगावरून हिमोग्लोबिन मोजायची जुनी रीत, अजून वापरात आहे. ती वाईट नाही, पण आम्ल घातल्यावर दहा मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं, आणि घाईत रंग फिका असतानाच वाचन होतं.

गर्भवतीसाठी रेघा: ११ च्या खाली रक्तक्षय, १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. ७ च्या खाली गोळ्यांवर वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना. ५ च्या खाली किंवा शेवटच्या तिमाहीत तीव्र असेल तर त्याच दिवशी भरती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांनाही रक्तक्षयाची रेघ ११ च.

११ जुलै. सिकलसेल

या पट्ट्यात हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणजे लोहच कमी, असं धरून चालत नाही. सिकलसेलही असू शकतो, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, पण हिमोग्लोबिनचा कागद आणि सिकलसेलचा कागद अजून वेगळ्या फायलींत राहतात. आजपासून गर्भवतीच्या नोंदीत दोन्ही रकाने शेजारी शेजारी.

सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सकारात्मक. त्यावरून वाहक (दोष अंगात असून आजार नसलेला) कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या तपासण्या लागतात. सहा महिन्यांखालच्या बाळाची ही चाचणी करू नये. त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं, त्यामुळे खोटं नकारात्मक येतं. रक्त फारच कमी असेल तरीही तसंच.

वाहक बाईला लोहगोळ्या नेहमीसारख्याच. रुग्णाला मात्र फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, आणि लोह तपासणी झाल्यावरच. वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह साठून बसलेलं असू शकतं. तिथे 'रक्तवाढीची गोळी' म्हणून भर घालणं हा उपचार नव्हे.

१९ जुलै. सिरपचा एक मिलिलिटर

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बाटली ५० मिलिची, म्हणजे सांडलं नाही तर २५ आठवडे. मुलामागे वर्षाला दोन बाटल्या आणि थोडी वरकड.

बाटलीसोबतचा पंप, म्हणजे ऑटो डिस्पेन्सर, दोन अंगणवाड्यांत सापडला नाही. तिथे घरातला चमचा वापरात होता. त्यात चार ते पाच मिलि मावतं. मुलाला उलटी झाली, 'औषध गरम पडतं' असा बोलबाला झाला आणि बाटल्या आढ्याला गेल्या. सुई काढलेली २ मिलिची सिरिंज हा सरळ पर्याय. त्यावर १ च्या खुणेपाशी लाल पट्टी चिकटवली.

पंप असला तरी पहिल्यांदा दोन-तीनदा हवेत दाबून हवा काढावी लागते, नाहीतर पहिला डोस अर्धाच येतो. औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडलं की दात काळे पडत नाहीत. खाल्ल्यानंतर द्यायचं. शी काळी होणार, हे पहिल्या दिवशीच सांगायचं. चौथ्या दिवशी सांगितलं तर सारवासारव वाटते.

ताप, जुलाब, न्यूमोनिया असताना सिरप थांबवायचं आणि बरं झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. तीव्र कुपोषित मूल, म्हणजे दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली किंवा पायांवर सूज, वेगळ्या रांगेत. उपचाराच्या पहिल्या टप्प्यात त्याला लोह देत नाहीत. संसर्ग आटोक्यात येऊन वजन वाढायला लागल्यावर, तेही उपचाराच्या आहारात लोह आहे की नाही बघूनच.

फलकावर मोठ्या अक्षरात: पूर्ण भरलेल्या बाटलीत १,००० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलाने ती एका दमात प्यायली तर किलोमागे १०० मिलिग्रॅम होतं. किलोमागे ६० च्या वर जीवावर बेततं. लाल गोळ्यांची दहाची पट्टी म्हणजे ६०० मिलिग्रॅम, आणि गोळ्या दिसायला पेपरमिंटसारख्या. बाटली आणि पट्टी आढ्याला टांगलेल्या टोपलीत, मुलाचा हात पोचणार नाही अशी. मुलाने प्यायलीच तर उलटीची वाट न बघता दवाखाना, रिकामी बाटली सोबत.

२ ऑगस्ट. जुलाब आणि झिंक

झिंकची गोळी १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची पूर्ण, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि उरलेल्या अकरा गोळ्या घरात पडून राहतात. आशाताईंनी पट्टीवर पेनाने १ ते १४ आकडे टाकून दिले. ज्या आईला आकडे वाचता येत नाहीत तिनेही 'इतक्या उरल्यात' हे दाखवलं, आणि तेवढं पुरे. अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा. सोबत ओआरएस, आणि अंगावरचं दूध चालूच.

१३ ऑगस्ट. जीवनसत्त्व अ आणि जंतनाशक

नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीसोबत १ मिलि, म्हणजे १ लाख युनिट. पुढे दर सहा महिन्यांनी २ मिलि, २ लाख युनिट, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ मात्रा, १७ लाख युनिट. चमच्यावर अर्धी आणि पूर्ण अशा दोन खुणा असतात. अर्धवट उजेडातल्या अंगणवाडीत त्या दिसत नाहीत म्हणून खुणांवर नेलपॉलिशची रेघ ओढली.

१०० मिलिच्या बाटलीतून कागदावर ५० मात्रा निघतात, हातात ४५ धराव्यात. चमचा मुलाच्या ओठाला न लावता वरून ओतायचा. बाटली उघडली ती तारीख लेबलवर लिहायची, आठ आठवड्यांच्या आत संपवायची आणि उन्हात ठेवायची नाही. गेल्या फेरीची एक उघडी बाटली खिडकीत सापडली, लेबलाचा रंग उडालेला. ती बाद.

ही मात्रा गर्भवतीला कधीच नाही. मुलाला घेऊन आलेली गर्भवती आई 'मलाही एक चमचा दे ताई' म्हणते, तेव्हा चेष्टेतही देऊ नये.

रातांधळेपणा विचारण्याची रीत महत्त्वाची. 'रात्री दिसत नाही का?' याला उत्तर नेहमी 'दिसतं'. 'दिवेलागणीला ठेचकाळतं का? ताटातली भाकर चाचपतं का?' असं विचारलं की आई थांबून विचार करते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसला तर फेरीची वाट न बघता वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचं.

अल्बेंडाझोल: १ ते २ वर्षांच्या मुलांना अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), त्यापुढे पूर्ण ४००. तीन वर्षांखालच्या मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातूनच, ती घशात अडकू शकते. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध घालायचं नाही. आजारी मूल पुढच्या वारी. गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीत ४०० ची एक मात्रा, पहिल्या तिमाहीत नाही.

६ सप्टेंबर. गोळी कशासोबत

नोंदवहीत बरोबर खुणा भरपूर, रिकाम्या पट्ट्या थोड्या. म्हणून आजपासून नोंद रिकाम्या पट्टीवरच. पट्टी आणून दिली की नवी मिळेल. 'गोळ्या घेता का?' हा प्रश्न बंद. त्याऐवजी 'काल रात्री गोळी घेतली तेव्हा आधी काय खाल्लं होतं?'

उत्तरांत चहा सतत येतो. डोंगरात कोरा चहा दिवसातून तीन-चारदा आणि बहुधा जेवणाला लागूनच. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. चहा सोडा म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर, एवढंच मागायचं.

कॅल्शियमही तसंच आडवं येतं. त्याची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. लोहासोबत घेतली तर लोह कमी शोषलं जातं. म्हणून कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणानंतर आणि लोह रात्री निजताना, पाण्यासोबत किंवा लिंबाच्या फोडीसोबत. निजताना घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. लोहाची गोळी उपाशीपोटी जास्त शोषली जाते हे पुस्तकात खरं आहे. पण उपाशीपोटी घेऊन ओकणाऱ्या बाईच्या अंगी काहीच लागत नाही.

'गोळीने बाळ मोठं होतं आणि अडतं' ही भीती सासूची असते, सुनेची नाही. म्हणून गृहभेटीत सासूबाईंना आधी बसवायचं. पोटातल्या बाळाचं मोठं होणं आणि बाळंतपणात जाणारं रक्त या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या की बोलणं पुढे सरकतं. रक्तस्रावाने दगावलेली बाई प्रत्येक पाड्याच्या आठवणीत असते.

४ ऑक्टोबर. बाजारातलं मीठ

आठवडी बाजारात खडे मीठ उघड्या गोणीतून विकलं जातं. ते जनावरांसाठी आणि लोणच्यासाठी, असं विक्रेता सांगतो, पण घरोघरी भाजीत तेच पडतं. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हातात पोचेपर्यंत मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) आयोडीन हवं, कारखान्यातून निघताना ३०.

चाचणी संचाची रीत: सपाट चमचाभर मीठ, त्यावर दोन थेंब, मिनिटभरात रंग तक्त्याशी ताडायचा. जांभळट निळा जितका गडद तितकं आयोडीन जास्त. रंग आलाच नाही तर लगेच 'आयोडीन नाही' लिहायचं नाही. मीठ अल्कधर्मी असलं तरी रंग येत नाही. ताजा नमुना घेऊन आधी पुनर्तपासणीच्या द्रावणाचा थेंब, त्यावर चाचणीचा थेंब. तरीही पांढरंच राहिलं तर शून्य. कुपी वापरण्याआधी हलवायची आणि तिची मुदत बघायची. मुदत गेलेली कुपी सगळ्या गावाचं मीठ नापास करते.

घरातही आयोडीन उडतं. चुलीवरच्या फळीतलं उघडं मडकं ही सर्वांत वाईट जागा. झाकणाचा डबा, चुलीपासून लांब, आणि मीठ भाजीत शेवटी.

२१ ऑक्टोबर. स्थलांतराची पिशवी

दिवाळी आटोपली की ऊसतोडीला माणसं गुजरातकडे निघतात आणि होळीला परततात. पाच महिन्यांत इथल्या कुठल्याही फेरीत ही मुलं सापडत नाहीत.

जाणाऱ्या गर्भवतीची पिशवी: लाल गोळ्या १५०, कॅल्शियम ३००. रक्तक्षय असेल तर आधी डॉक्टर, मग दुप्पट गोळ्या. सहा महिन्यांवरच्या प्रत्येक मुलामागे सिरपची एक बाटली. २२ आठवड्यांना ४४ मिलि लागतं, म्हणजे एक पुरते. झिंकच्या १४ गोळ्या, ओआरएसची चार पाकिटं, माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. चिठ्ठीवर अक्षरं नाहीत: सूर्यापुढे पांढरी गोळी (कॅल्शियम), चंद्रापुढे लाल गोळी (लोह). पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) स्थलांतराची नोंद निघण्याआधीच करायची. टोळी गेल्यावर आधार आणि फोन दोन्ही हातातून जातात.

७ ते ९.९ च्या मधल्या आणि सातवा महिना ओलांडलेल्या बाईला शिरेतून लोह द्यायचं का, हे निघण्याआधी ठरायला हवं. ते उपकेंद्रावर होत नाही. ॲलर्जीची प्रतिक्रिया आली तर सांभाळण्याची सोय असेल तिथेच, डॉक्टरांसमोर.

२५ नोव्हेंबर. नाचणी आणि 'प्लास्टिकचा तांदूळ'

नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. लोहासाठी तिचं कौतुक जरा जास्त होतं. फायटेट (धान्यातला लोहाला अडवणारा घटक) आणि टॅनिनमुळे त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. मोड आणले की फायटेट कमी होतं आणि खीर पातळ राहते, म्हणजे लहान पोटात जास्त पीठ जातं.

मदतनीसताईंसोबत केलेली रीत: १ किलो नाचणी तीनदा धुऊन १० ते १२ तास भिजवणं. पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून २४ तास, थंडीत ४८ पर्यंत. मोड बारीक पांढऱ्या दोऱ्याएवढे झाले की पुरे. दाणा दातावर कट्ट वाजेल इतकं वाळवायचं, मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत भाजायचं, चोळून मोड पाखडायचे, मग दळायचं. ढगाळ हवेत अर्धवट वाळलेल्या दाण्याला बुरशी येते. आंबूस वास आला तर सगळं फेकायचं. खमंग लागावं म्हणून जास्त भाजलं तर मोडामुळे तयार झालेलं, खीर पातळ ठेवणारं विकर (एन्झाइम) मरतं आणि खीर पुन्हा घट्ट होते. पहिल्या घाण्याचं तसंच झालं. खिरीत शेवटी चमचाभर तेल. शेवग्याचा पाला घालायचा तर सावलीत वाळवलेला, उन्हात त्यातलं कॅरोटीन जातं.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा पिठाचा, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला. तो जरा पिवळट दिसतो, पाण्यात तरंगतो, आणि बायका 'प्लास्टिक' म्हणून निवडून कोंबड्यांना घालतात. असा दाणा गरम पाण्यात टाकून बोटाने चेपून दाखवला. त्याचं पीठ झालं, तेवढ्यावर निम्मा वाद मिटला. उरलेला निम्मा मिटला नाही. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला ८ ते १३ मिलिग्रॅम. हा तांदूळ गोळीच्या जागी नाही. सिकलसेलच्या रुग्णांनी तो डॉक्टरांना विचारून खावा.

अमृत आहार या सरकारी योजनेतलं गर्भवतीचं गरम जेवण अंगणवाडीतच खाल्लं जावं. डबा घरी गेला की त्याचे पाच वाटे होतात. मुलांच्या अंड्यांचंही तेच: सोलून हातात दिलेलं अंडं पोटात जातं, कवचातलं अंडं घरी जातं.

१३ जानेवारी २०२५. फेरतपासणी

इथेच राहिलेल्या, रोज दोन गोळ्या सुरू असलेल्या बायकांची पुन्हा तपासणी. महिन्याला किमान १ ग्रॅम चढायला हवं. नाही चढलं तर मात्रा वाढवायची नाही, कारण शोधायचं. आधी पट्ट्या मोजायच्या, मग चहा आणि कॅल्शियमची वेळ. पट्ट्या रिकाम्या आणि वेळा बरोबर असतील तर जंत, मूत्रमार्गाचा संसर्ग, सिकलसेलचा राहिलेला अहवाल, बी-१२. दूध-अंडी जवळजवळ नसलेल्या ताटात बी-१२ ची शंका घ्यायलाच हवी, आणि ती लोहगोळीने भरून येत नाही. अशा बाईला पुढच्या दवाखान्यात पाठवायचं. चिठ्ठीवर 'रक्तक्षय' एवढंच न लिहिता किती गोळ्या, किती दिवस, आधीचं आणि आताचं वाचन.

१० मार्च २०२५. भोंगऱ्याचा बाजार

होळीआधीच्या बाजारात डोंगरातली सगळी माणसं उतरतात. फेब्रुवारीच्या फेरीत न सापडलेली मुलं इथे सापडतात, पण कार्डं घरी राहिलेली. जीवनसत्त्व अ दोनदा जाऊ नये म्हणून मात्रा दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला पोलिओची शाई, आणि नाव-पाडा वहीत. कार्ड नाही आणि आईला शेवटची मात्रा आठवत नाही, अशी मुलं बाजारात सोडून दिली. त्यांच्या घरी होळीनंतर.

परत आलेल्या पिशव्या उघडल्या. लाल गोळ्या बऱ्याचशा संपलेल्या, सिरप कमी-जास्त, कॅल्शियमच्या पट्ट्या मात्र जवळजवळ तशाच. कारण चिठ्ठीत होतं. सूर्याच्या चित्राचा अर्थ बायकांनी 'उजाडताना' असा घेतला. तोडीला पहाटे चारला उठतात, तेव्हा पोटात काही नसतं, कॅल्शियम पोटात जळजळतं, आणि दोन दिवसांत गोळी सुटते. भाकर फडात दहाच्या सुमाराला सुटते.

ऑक्टोबरच्या पिशवीसाठी: चिठ्ठीवर सूर्य काढून भाकरीचं चित्र, आणि कॅल्शियमची पट्टी भाकरीच्या फडक्याच्या गाठीत बांधायला सांगणं.